आत सोडलेलं कापड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पँटची कंबर उसवणं. दुपारचे चार वाजले असतील. हौसा, माझी बायको, दुकानाच्या पायरीवर उजेडाला बसली होती. मांडीवर समोरच्या अभ्यासिकेतल्या विकासची राखाडी पँट. ती ब्लेडनं मागच्या शिवणीचे टाके तोडत होती आणि मी तुटलेले धागे वेचत होतो. बाजूला दोन कप बिनसाखरेचा चहा.

"किती आत घ्यायची?" तिनं विचारलं.

"अडीच इंच."

"परत मापा. ही पँट कवाबी आली ती सोडायला आली. आत घ्यायला कवा आली न्हाई."

मी परत टेप लावली. अडीचच. तिनं ती पँट उचलली आणि कपाळाला लावली, देवाचा अंगारा लावावा तशी.

"अगं, पँट हाय ती," मी म्हणालो.

"असू द्या," म्हणाली.

मग आमचं भांडण झालं. कंबर आत घेतली की जादा कापड शिवणीच्या आत उरतं. मी म्हणालो, कापून टाकू, पँट अंगावर सपाट बसेल. ती म्हणाली, ठेवा आत. मी कात्री उचलली, तिनं पँट मागं ओढली. शेवटी तिनं हातानं पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घातला. हा टाका फक्त मशीनला वाट दाखवण्यापुरता असतो, पक्की शिवण पडली की ओढून काढायचा. म्हणाली, "सकाळच्याला बगू."

मी चौथी शिकलेला माणूस. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, मास्तर, दिवाळी अंकाला तुमच्या धंद्यातलं काही लिहा. मी म्हणालो, शुद्धलेखन तुम्ही बघा, खरं-खोटं मी बघतो. तर हे खरं आहे.

तासगावात एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. पुढं दुकान, मागं घर. पँट, शर्ट, लग्नाचे कोट शिवत पन्नास वर्षं गेली. लोकांना वाटतं टेलर कापड शिवतो. टेलर माणूस शिवतो. एकाचा डावा खांदा खाली, एकाची पाठ उजवीकडं वळलेली, एकाचं पोट कोटात मावत नाही. देवानं दोन माणसं एका मापाची केली नाहीत याचं मला अजून नवल वाटतं.

माप घ्यायची एक युक्ती सांगतो. टेप कमरेला लावली की माणूस पोट आत ओढतो. तालमीतला असो की तलाठी, सगळे ओढतात. म्हणून टेप लावायची आणि विचारायचं, "पावणं, गावाकडं पाऊस कसा हाय?" बोलायचं तर श्वास सोडावा लागतो. श्वास सुटला की पोट जागेवर येतं. तेवढ्यात आकडा वाचायचा.

नवरदेवाच्या कोटात आम्ही एक इंच जादा ठेवतो. त्याला हौसा केळवणाचा इंच म्हणायची. माप दिल्यापासून लग्नापर्यंत ह्या मामाकडं पुरणपोळी, त्या आत्याकडं बासुंदी. एक इंच पुरायचा. एकदा बुधगावचा एक नवरदेव अक्षता पडायच्या दिवशी सकाळी आला, कोटाची बटणं बसेनात. मी म्हणालो, "किती केळवणं झाली?" म्हणाला, "मास्तर, एकच. बाकी मी रोजच असा जेवतो." त्या दिवशी आम्ही हसलो. आता वाटतं, हसायचं नव्हतं.

कापड खोटं बोलत नाही. पूर्वी पँट फाटायची ती गुडघ्याला आणि खाली टाचेला. माणूस उकिडवा बसायचा, चालायचा. आता तरण्या पोरांच्या पँटी येतात त्या बुडाला झिजलेल्या आणि मांड्यांच्या मधे घासलेल्या. गुडघा कोरा करकरीत. हे मी कितीतरी वर्षं बघत होतो. रफू करत होतो. त्याचा अर्थ लावला नाही.

आता विकास. त्याचा बाप बिरू, माणदेशातला मेंढरंवाला. पाऊसपाण्याच्या हिशोबानं मेंढरं घेऊन निम्मं वरीस चालणारा. लग्नात त्याच्या पैरणीचं माप घेतलं, छाती चौतीस. त्यानंतर बिरू नुसतं कापड पाठवायचा. माप तेच. पोरगं शिकावं, साहेब व्हावं म्हणून त्यानं विकासला तासगावात ठेवलं. माझ्या दुकानासमोर माडीवर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथं सकाळी सातला बसतात ती अंधार पडेपर्यंत. विकास चार वर्षं बसला. खाली वडापावचा गाडा, शेजारी कोल्ड्रिंकच्या थंड बाटल्या. दरवर्षी पँट सोडायला यायची. शेवटी आत सोडलेलं कापड संपलं. नवी राखाडी शिवली, तीही सोडायला यायला लागली.

त्यात आमच्या धंद्याची एक चूक आहे. हल्ली पोरं पँट पोटाच्या खाली घालतात. आम्ही पँट जिथं बसते तिथंच माप घेतो. माझ्या वहीत विकासची कंबर छत्तीस होती. पोट केवढं होतं ते वहीला ठाऊकच नाही.

एका दिवाळीत तो शर्टाचं माप द्यायला आला. बरोबर तीन-चार मित्र. गळ्याला टेप लावली आणि मानेवर बघतो तर काळी, जाडसर, मखमलीसारखी वळी पडलेली. मी तोंडाचा फाटका. म्हणालो, "आरं, मानंवर किती मळ हाय! घासून आंघोळ करत जा गड्या. पोरगी बघायला गेलास तर पळून जाईल."

मित्र खदाखदा हसले. विकासही हसला. पण माप झाल्यावर त्यानं कॉलर वर ओढली आणि गेला. शर्ट न्यायला मित्राला पाठवलं. स्वतः आला नाही. समोरच्या माडीवर चढताना दिसायचा, पण मान वळवायचा नाही.

हौसा म्हणाली, "चौघात कशाला बोललासा?"

"खरं तेच बोललो."

"खरं म्हणून धोंडा घालायचा व्हय कुनाच्या डोक्यात?"

पुढं पाच-सहा महिने गेले. एक दिवस संध्याकाळी हौसा चप्पल काढत होती. माझं लक्ष तिच्या टाचेकडं गेलं. टाचेत टाचणी, मुंडीपर्यंत आत. टेलरच्या दुकानात टाचण्या पडायच्याच. पण तिला पत्ताच नव्हता. सकाळपासून ती तशीच वावरली होती, पाणी भरलं होतं, भाकरी थापल्या होत्या. मी उपसली तर रक्त आलं. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "काय निघालं?"

साखर तिला पंधरा वर्षांपासून होती. गोळ्या कधी खायची, कधी विसरायची. मी जगाची मापं घेत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंकडं गेलो. बाकावर आमच्या पुढं एक आई आणि तिची कॉलेजातली पोरगी. आई डॉक्टरांना म्हणत होती, "बेसन लावलं, लिंबू लावलं, घासून घासून दमले. हिची मान काही उजळंना." मी बघितलं. तीच मखमल.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "हा मळ नाही हो. आत साखरेचं काम बिघडायला लागलं की मानेची कातडी अशी होऊ शकते. घासू नका. रक्त तपासा." मग त्यांनी टेप काढली आणि पोरीचं पोट बेंबीवर मोजलं. बेंबीवर! मी पन्नास वर्षांत कुणाची बेंबी मोजली नव्हती.

आतल्या आजारानं बाहेर कॉलरपाशी येऊन उभं राहावं, आणि ते पहिल्यांदा डॉक्टरला नाही, टेलरला दिसावं! ती खूण माझ्या टेपखाली आली होती. मी तिला मळ म्हणालो.

घरी आल्या आल्या मी समोरची माडी चढलो. अभ्यासिकेत पहिल्यांदाच गेलो. पोरं भिंतीकडं तोंड करून रांगेनं बसलेली, दाराकडं पाठ. पंख्याचा तेवढा आवाज. मला दिसत होत्या नुसत्या माना. वाकलेल्या, तरण्या, विशी-पंचविशीतल्या. त्यातल्या किती तशा होत्या ते मी मोजलं नाही. माझं धाडस झालं नाही. देवळात गेल्यावर आपसूक आवाज खाली येतो तसा माझा आला.

पण मग बोललो मोठ्यानंच. "विकास, मी तुला चौघात बोललो हुतो, म्हणून चौघातच सांगतो. तुझ्या मानंवर मळ न्हवता. मीच येडा. ते साखरेचं लक्षण असतंय. डॉक्टरकडं चल."

"मास्तर, हळू," कोणीतरी म्हणालं.

विकास वळला नाही. पुस्तकाकडंच बघत म्हणाला, "मी दगडानं घासली होती मान. आठ दिवस कॉलरचं बटण लावता आलं नाही."

कोपऱ्यातल्या एका पोरानं हळूच आपल्या मानेवरनं हात फिरवला आणि कॉलर वर केली.

तो माझ्याबरोबर आला नाही. हौसा गेली. दुखऱ्या टाचेनं जिना चढून गेली. तिनं काय भाषण केलं नाही. टाचेची पट्टी सोडून दाखवली आणि म्हणाली, "बाळा, मला टाचणी घुसली ती कळली न्हाई. तुला अजून कळतंय तवर जा." तो तिच्याबरोबर खाली उतरला.

रक्त तपासलं तर साखर काठावर नाही, काठ ओलांडून गेलेली. लिव्हरवर चरबी. रक्तदाबही वाढलेला. वय वर्षं पंचवीस. बिरूला बोलावून घेतलं. तो डोक्याला पटका आणि खांद्यावर घोंगडं घेऊन दवाखान्यात आला.

"आमच्यात कुनाला साखर न्हाई," बिरू म्हणाला. "आन मला येक सांगा, मेंढरू भरलं तर त्याला मोल येतंय. पोरगं भरलं तर आजार कसा?"

डॉक्टर बाई काही बोलायच्या आत हौसा म्हणाली, "आवं बिरूदा, मेंढरू वरसात कापत्यात. पोराला पन्नास वरसं जगायचंय."

डॉक्टर बाईंनी बिरूला समजावलं. म्हणाल्या, तुमच्या वाडवडिलांचं शरीर कमी खाऊन आणि पुष्कळ चालून टिकलेलं. तेच शरीर पोराला मिळालं, पण चालणं गेलं आणि खुर्ची आली. सगळा दोष त्याचा नाही. आत्ता धरलं तर पुष्कळ सावरता येतं. बिरूनं पोराकडं बघितलं. म्हणाला, "मीच बसवलाय त्याला. म्हणालो, माज्यावानी चालू नगं, बसून खा." आणि पटक्याच्या शेवटानं डोळे पुसले.

गोळ्या सुरू झाल्या. वडापाव, बाटल्या बंद. सकाळी चालणं. पण अभ्यासाला बसायचं तर होतंच. तोडगा हौसानंच काढला. कापड कापायचं आमचं टेबल कमरेएवढं उंच असतं, कारण टेलर उभ्यानंच कापतो. ती म्हणाली, "दुपारचं टेबल रिकामंच असतंय. हितं उभ्यानं वाच. आन मोठ्यानं वाच, मलाबी कळंल."

मग रोज दुपारी तो उभ्यानं वाचायचा आणि ती खाली बसून बटणांची काजं करायची. अंगठा लावणारी बाई ती. दोन महिन्यांत तिला राज्यपाल कोण नेमतो ते ठाऊक झालं. एक दिवस तो नद्या पाठ करत होता.

हौसानं विचारलं, "कृष्णा कुठं उगम पावती?"

"महाबळेश्वरला, काकी."

"आन तुमच्या गावची माणगंगा?"

विकास अडला. पानं उलटायला लागला. "ती ह्या पुस्तकात नाही, काकी."

"नदीत पानी नसलं म्हणून ती नदी न्हवं व्हय? घरची नदी सांगता येईना आन साहेब व्हाया निघालाय!"

मी मशीनवर हसत होतो. दुसऱ्या दिवशी तो माणगंगेचा उगम पाठ करून आला.

सरळ रेघेत काही झालं नाही. दोन इंच उतरला. मग गावची जत्रा झाली, मटण झालं, आजारपण झालं, आणि तीन इंच चढला. पंधरा दिवस दुकानाकडं फिरकला नाही. मागच्या बोळानं माडीवर जायचा. हौसानं बोळाच्या तोंडाशी गाठला. "वाढली तर वाढली. लपतोस कुनापासनं? टेप काय चावती व्हय?" आणि हाताला धरून आणला. मी टेप लावली. ह्या वेळी पावसाचं विचारलं नाही. त्यानं आपणहून श्वास सोडला. एवढ्या वर्षांत असं करणारं तेच पहिलं गिऱ्हाईक.

मग दीड वर्षात काय घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि अजून मला ते पचत नाही. बेंबीवरचं माप उतरत गेलं. चेहऱ्याखालनं बिरूचा चेहरा वर यायला लागला. आणि मान! महिन्या-महिन्यानं ती वळी विरत गेली. कुणी घासली नाही, काही लावलं नाही. आतलं सुधारलं तसं बाहेरचं पुसत गेलं. पूर्ण गेलं नाही, पण कॉलर खाली करून तो हिंडायला लागला. मी कापडाचा माणूस. एकदा चुरगळलेलं, ताणलेलं कापड परत जागेवर येत नाही हे मला ठाऊक. अंगाची कातडी मात्र माफ करते. केवढी मोठी गोष्ट आहे ही! मी त्या पोराच्या मानेकडं बघत राहायचो आणि तो म्हणायचा, "मास्तर, काय मळ दिसतोय का?"

परीक्षा काही तो पास झाला नाही. दोन मार्कांनी गेला. पण फलटणकडं एका साखर कारखान्यात काट्यावर कारकुनाची नोकरी मिळाली. उसाच्या गाड्यांची वजनं घ्यायची. हौसा म्हणाली, "आता जगाची वजनं घे." सोमवारी हजर व्हायचं होतं. नवी पँट नको म्हणाला, जुनी राखाडीच आत घेऊन द्या.

तीच ती पँट.

शुक्रवार होता. आमचं भांडण काय होतं ते आता नीट सांगतो. अडीच इंच आत घेतल्यावर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि मधे कापडाचा जाड पट्टा राहतो. चांगला टेलर तो कापतो. मला तर वेगळंच वाटत होतं. मी म्हणालो, "कापायचंच. परतीची वाट ठेवायची न्हाई. कापड ऱ्हायलं तर पोरगं परत वाढंल."

हौसा म्हणाली, "कापड न्हाई ऱ्हायलं तरी वाढायचं तर वाढंलच. पर मग तो लाजंनं हिकडं येनार न्हाई. आत कापड हाय म्हणल्यावर येईल."

"धंदा मी करतो का तू?"

"माप तुमी घेता. मानूस मी घेती," ती म्हणाली. आणि टाका घालायला लागली.

दिवेलागणीला तिला घाम सुटला. म्हणाली, करपट ढेकर आल्यागत वाटतंय. मशीनला टेकून बसली. छातीत दुखतंय का, मी तीनदा विचारलं. न्हाई म्हणाली. रिक्षा आणेपर्यंत संपलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, फार दिवसांची साखर असली की कधी कधी हृदयाचा झटकासुद्धा दुखत नाही. टाचणी कळली नाही, तसं तेही तिला कळलं नाही. साखरेची एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या अंगाला कधी टेप लावली नाही. पोलकं ती स्वतःच शिवायची, जुनं समोर ठेवून.

लेक साताऱ्याहून आली. त्याच रात्री सगळं उरकलं.

सकाळी मी दुकानाची एक फळी उघडली. मेव्हणा धावत आला. "दाजी, सुतकात मशीन चालवत्यात व्हय? लोक काय म्हनतील?"

मी म्हणालो, "सोमवारी पोराला हजर व्हायचंय."

तो दारातच उभा राहिला. मी पँट घेतली. कात्री काल मी टेबलावर ठेवली होती तिथंच होती. ती उचलून खिळ्याला अडकवली. आतलं कापड दोन्ही बाजूंनी उलगडलं, हातानं दाबून सपाट केलं, कडा शिवल्या आणि जसंच्या तसं आत ठेवलं. मग तिच्या पांढऱ्या टाक्याच्या कडेकडेनं वरपासून खालपर्यंत मशीन मारली.

मशीन मारून झाली की कच्चा टाका ओढून काढायचा असतो. मी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. मग सोडून दिलं, आणि पँटची घडी घातली.